अंदाजाचा श्वास

मिठारी सरांची अँटेना म्हणजे बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडी होती. निदान बिल्डिंगमधल्या लोकांना तरी ती तशीच दिसायची. कप्पीवर वरखाली होणाऱ्या दांड्यांपैकी सगळ्यात बाहेरची जी होती, तिला सरांनी चिकटपट्टीने तांब्याची तार चिकटवली होती आणि वर एक जुना टॉवेल कायमचा टाकून ठेवला होता. सोसायटीच्या नियमांत दर्शनी भागावर तार, डिश, अँटेना काही लावायचं नाही असं बजावलेलं होतं. टॉवेलाबद्दल मात्र चकार शब्द नव्हता. त्यामुळे रोज संध्याकाळी सात ते आठ सरांचा आवाज त्या टॉवेलाच्या आडोशाने आठव्या मजल्यावरून कोल्हापूरच्या हवेत जायचा आणि दिवस चांगला असला तर पन्हाळ्यापर्यंत पोचायचा. अडचण एवढीच की शेजारच्या दांड्यांवर ओले कपडे पडले की तारेचं सगळं गणित बिघडायचं. चादरी धुतल्या त्या दिवशी तर आवाज कसाबसा गावातल्याच कावळा नाक्यापर्यंत जायचा. आणि त्या घरात अलीकडे चादरी फार धुवाव्या लागत.

मालिनीताईंना अर्धांगाचा झटका आला त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली होती, त्यात हृदयही नाजूक. बोलणं शाबूत होतं आणि डोकं तर आधीपेक्षा तल्लख झालं होतं. बाकी सगळं सरांच्या अंगावर होतं: तोंड धुणं, पेज, गोळ्या, कूस बदलणं, भांडं देणं, परत कूस बदलणं. उल्हास मिठारींनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली होती. वर्गात साठ पोरं ओरडत असताना त्यांच्या कपाळावर आठी आली नव्हती. आता मात्र ते दमले होते. एवढे दमले होते की दमणं म्हणजे काय हे सांगता आलं नसतं, कारण न दमलेलं असणं कसं असतं तेच आठवत नव्हतं.

म्हणून तो एक तास. सीबी रेडिओ हा तसा साधा प्रकार. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य माणसासाठी मोकळा ठेवलेला आहे. ताकद थोडी, परवान्याची कटकट नाही. माइकचं बटण दाबून ठेवायचं आणि बोलायचं, बटण सोडायचं आणि ऐकायचं. एका वेळी एकानेच बोलायचं, आपलं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. फोनवर हल्ली समोर माणूस आहे की त्याच्या आवाजात बोलणारं त्याचं यंत्र, याचा पत्ता लागत नसे. इथे खरखरीतून येणारा खोकला तरी खात्रीचा असायचा. चॅनेलवर खरी नावं कोणी सांगत नसे आणि विचारतही नसे, तो रिवाजच होता. सर तिथे 'खडू' होते. रोजचा सोबती पन्हाळ्याच्या पायथ्याला कोंबड्या पाळणारा एक माणूस, त्याचं नाव 'धुकं'. पाऊस, खाद्य, आज काय शिजवलं, असल्या गप्पा. खडूची बायको अंथरुणाला खिळली आहे हे धुक्याला माहीत नव्हतं. खडूला बायको आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. त्या तासात सर कोणाचेच कोणी नसायचे आणि त्याचंच त्यांना सुख होतं.

तासभर बायकोला एकटं सोडून गॅलरीत बसणं त्यांना जमायचं ते 'जाग'मुळे. त्या काळात म्हातारी माणसं असलेल्या घराघरांत जाग लागली होती. पलंगावर छताला बशीएवढी पांढरी चकती आणि तिच्या कडेला मिणमिणता हिरवा दिवा. तिच्यात कॅमेरा नव्हता, हे कंपनी मोठ्या अभिमानाने सांगे. चकती अतिशय क्षीण रेडिओलहरी खाली सोडायची आणि अंगावर आपटून परत येणाऱ्या लहरी टिपायची. श्वास घेताना छाती किंचित वर येते, सोडताना खाली जाते. त्या एवढ्याशा हालचालीने परतणारी लहर जरा पुढेमागे होते. तेवढ्या फरकावरून यंत्र श्वास मोजायचं, झोप ओळखायचं, कूस ओळखायचं. आणि पाय पलंगावरून खाली टेकला तर बोंब मारायचं. मग सरांचा फोन वाजायचा, तिकडे हैदराबादला गौतमीचाही वाजायचा.

गौतमी ही त्यांची एकुलती एक. आईला हैदराबादच्या एका शुश्रूषागृहात ठेवायचं तिने ठरवूनच टाकलं होतं. सर नाही म्हणाले, मालिनीताई त्याहून जोरात नाही म्हणाल्या. शेवटी तडजोड झाली ती जागवर. "चकती चालू आहे तोवर आई तिथे," गौतमी म्हणाली होती. "ज्या दिवशी ती बंद दिसेल त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार, बाबा. नंतर मला काही सांगायचं नाही." पोरगी वाईट नव्हती. लांब होती आणि घाबरलेली होती.

जागने आल्या आल्या एक काम केलं. मालिनीताईंच्या हालचाली पाहून तिने 'पडण्याचा धोका: जास्त' असा शेरा दिला. त्याआधी फिजिओथेरपीच्या बाई येऊन त्यांना धरून उभं करायच्या. शेरा आल्यावर त्यांच्या संस्थेने हात वर केले. यंत्र नको म्हणत असताना उभं करायची जबाबदारी आम्ही कशी घेणार, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून बाई येत, पलंगावरच हातपाय हलवून देत आणि चहा घेऊन जात.

"बाबा, तुम्ही सात ते आठ काय करता हो?" एकदा गौतमीने विचारलं.

सर चपापले. "का गं?"

"आईचा आलेख बघतेय ना मी. दिवसभर नुसती वरखाली आणि सात ते आठ बघा, कशी पट्टीने आखल्यासारखी रेघ. एवढी शांत दिवसभरात कधीच नसते ती."

"काही नाही. मी जरा गॅलरीत बसतो."

"मग रोज बसत जा," गौतमी म्हणाली.

सर रोज बसत गेले.

एका बुधवारी धुकं थंडीने मेलेल्या पिल्लांची गोष्ट सांगत होता. ती संपवून, हेडफोन काढून सर आत आले तर पलंग रिकामा. मालिनीताई खाली फरशीवर, पलंगाच्या पायाला पाठ टेकून बसल्या होत्या. कोपर सोलवटलेलं होतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आत्ताच घसरले."

"आत्ताच म्हणजे कधी?"

"आत्ताच म्हणजे आत्ता. उचला की आधी."

पण त्यांचे पाय फरशीसारखे गार पडले होते आणि कोपरावरचं रक्त सुकून गेलं होतं. सरांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचं ते काम नव्हे. दोनदा मधेच थांबावं लागलं. शेवटी दोघं धापा टाकत पलंगाच्या कडेला टेकले. तेव्हा कुठे छतावरच्या चकतीला कंठ फुटला: पाय जमिनीला लागले आहेत, कृपया लक्ष द्या. सरांनी खिशातून फोन काढून पाहिला. गेला तासभर मालिनी मिठारी, फोनच्या मते, शांत झोपल्या होत्या.

गौतमीला 'आईला उठवून बसवलं होतं' एवढंच कळवून सरांनी जागच्या कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पटवेगार मॅडम आल्या. चाळिशीच्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी शिडी लावून चकती उघडली, लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"यंत्र बिघडलेलं नाही, सर," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी याला कसला तरी अडथळा होतोय. त्या वेळात याला खालचं काही दिसत नाही."

"दिसत नाही? मग झोपलीय म्हणून कसं सांगतं?"

मॅडम शिडीवरून उतरल्या. "त्याचं असं आहे. सुरुवातीला अडथळा आला की हे ओरडायचं. मिक्सर लावला की ओरडा, लिफ्ट गेली की ओरडा. लोक वैतागले. चकत्या काढून फेकायला लागले. म्हणून मग याला शिकवलं, की मधे थोडा वेळ दिसलं नाही तर या माणसाचा श्वास एरवी कसा असतो ते आठवायचं आणि रिकामी जागा भरून काढायची. आता तुमच्याकडे ती रिकामी जागा रोज, त्याच वेळी यायला लागली. काल भरली, वाईट काही घडलं नाही. परवा भरली, काही घडलं नाही. असं होत होत याला त्या वेळेपुरता स्वतःच्या आठवणीवरच जास्त भरवसा वाटायला लागलाय."

"म्हणजे ते श्वास खोटे?"

"खोटे नाही म्हणता येणार. अंदाजाचे." त्यांना ओशाळल्यासारखं झालं. "घरात त्या वेळी काही चालू असतं का? मोटर, वायरलेस, असं काही?"

सरांनी बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं नाही. हो म्हणालो तर आपला तास गेला, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं आणि त्याची त्यांना त्याच क्षणी लाज वाटली.

"पाण्याचा पंप असेल," ते म्हणाले.

"पंपच," पलंगावरून मालिनीताई म्हणाल्या. "त्याच वेळेला पाणी चढवतात वर."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. अडथळा थांबला नाही तर जाड कवचाची नवी चकती बसवू, कळवा, असं सांगून त्या गेल्या.

दुपारी मालिनीताईंचा डोळा लागल्यावर सरांनी माइकची वायर ताणून खोलीच्या दारापर्यंत आणली. चॅनेलवर कोणी नव्हतं. छताकडे बघत त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. बटण सोडलं तरी तो लगेच आला नाही. बऱ्याच वेळाने, दचकून जाग आल्यासारखा, परत लागला. दोघांच्या लहरींचा एकमेकींशी तसा संबंध नव्हता. पण टॉवेलाखालची तार पलंगापासून फार लांब नव्हती आणि चकतीला वीज नेणारी भिंतीतली वायर स्वतःच अँटेना होऊन बसली होती. सर बोलले की त्यांचा आवाज त्या वायरीतून थेट चकतीच्या नाजूक कानात घुसत होता आणि ती बधिर होत होती. सावरते न सावरते तोच सर पुढचं वाक्य बोलायचे. असा पूर्ण तास.

म्हणजे ज्या तासाला ते आपला तास म्हणत होते त्या तासात मालिनीच्या श्वासावर कोणाचीच नजर नव्हती. गौतमी हैदराबादेत बसून ज्या रेघेकडे बघत होती, ती यंत्राने आठवणीतून काढलेली होती. चित्रकलेच्या मास्तरला हे कळायला वेळ लागला नाही. समोर वस्तू न ठेवता काढलेलं चित्र नेहमीच जास्त गुळगुळीत येतं.

त्या संध्याकाळी त्यांनी धुक्याला एवढंच सांगितलं की खडू काही दिवस येणार नाही. "का ओ? बरं हाय न्हवं?" धुक्याने विचारलं. "कामं आहेत," सर म्हणाले. रेडिओ कापडात गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकला.

आता सात ते आठ सर मालिनीताईंजवळ बसू लागले. खुर्ची पलंगाला लावून, हात मांडीवर ठेवून. पाणी देऊ? उशी सरकवू? पंखा जास्त होतोय का? पहिल्या दिवशी त्या हो-नाही म्हणाल्या. मग नुसतं भिंतीकडे तोंड केलं. मग एकदा फाडकन म्हणाल्या, "सारखं सारखं बघू नका माझ्याकडे. मी काय दूध आहे उतू जायला?" जेवण अर्ध्यावर आलं. रात्रीची पेज तशीच परत जाऊ लागली. सरांना वाटलं, दुखणं वाढलं. त्यांना स्वतःलाही खुर्चीतून उठताना आताशा भोवळ यायची. दिवसाला कुठे कडाच उरली नव्हती. दोघंही एकमेकांवर खेकसत होते आणि मग तोंड फिरवून बसत होते.

"बाबा, सात ते आठ आता फारच वरखाली होतंय," गौतमी फोनवर म्हणाली. "आईला कसला त्रास आहे का?"

"आता खरं दिसतंय," असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "बघतो," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी मालिनीताईंनी विचारलं, "रेडिओ का बंद केलाय?"

सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. तार, वायर, दिवा, पंपाची थाप. "मी तिकडे कोंबड्यांच्या गप्पा मारत बसायचो आणि इथे तू गेली असतीस तरी हे यंत्र झोपलीय म्हणून सांगत राहिलं असतं," ते म्हणाले.

मालिनीताई छताकडे बघत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दिवा जातो ते. दिवसभर त्याच्याखालीच पडलेली असते मी, दुसरं काय बघणार? तुमचा आवाज आला की तो जायचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पाय खाली सोडून बघितला. ओरडली नाही ती बया. मग दुसरा सोडला."

सरांना क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. "म्हणजे त्या दिवशी तू घसरली नाहीस."

"उभी राहिले होते. रोजच राहायची. आधी नुसती कठड्याला धरून. मग धरत धरत खिडकीपर्यंत जायला लागले. तिथनं रंकाळ्याकडचे दिवे दिसतात. त्या दिवशी परत येताना गुडघ्यानं दगा दिला."

"आणि मोडलं असतं काही म्हणजे?" सर ओरडले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच तिच्यावर असे ओरडले होते. "पडून मेली असतीस म्हणजे?"

"मग मेले असते!" त्याही ओरडल्या. "इथं काय जगायलीय? पाय हलवला की ती बोंबलते, तुम्ही धावत येता, पोरगी तिकडनं रडायला लागते. झोपून राहणारं माणूस पडत नाही, तेवढंच पाहिजे सगळ्यांना. उभं करणारी बाई सुद्धा बंद केलीत. असंच पडून राहिले तर हा उजवा पायही विसरेल आपण पाय आहोत ते. तुम्हाला एक तास पाहिजे होता ना? मलाही पाहिजे होता. कोणी बघत नाही असा."

चकतीने श्वास वाढल्याची नोंद घेतली. सरांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो बाहेर काढला नाही.

त्यांना राग आला होता, वाईट वाटलं होतं. आपण बायकोपासून एक तास चोरतो म्हणून ते इतके दिवस मनात खजील होत होते आणि ती त्याच तासाची वाट बघत होती. आपण एकदाचे खोलीबाहेर जावं म्हणून. हे गिळायला जड गेलं. पण गिळून झाल्यावर आत कुठेतरी हलकंही वाटलं, तेही खरं.

"गौतमीला सांगायला हवं," ते म्हणाले.

"आत्ता सांगितलंत तर उद्या गाडी दारात. नवी चकती तरी, नाहीतर हैदराबाद तरी." मालिनीताईंनी उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती. "दिवाळीला येईल ना ती, तेव्हा दार मी उघडते. मग सांगा काय सांगायचं ते."

"मी आत थांबतो. धरत नाही, नुसता थांबतो."

"तुम्ही आत थांबलात तर बोलणार कोण? दिवा कोण घालवणार?"

सर रात्रभर विचार करत राहिले. पोरीला फसवायचं, तेही तिच्या आईच्या जिवाबाबत. हाडं ठिसूळ, हृदय नाजूक. एकदा नीट पडली की संपलंच. एकीकडे ते आणि दुसरीकडे खिडकीपर्यंतचा तो रस्ता. सकाळी त्यांनी फरशीवरचं पायपुसणं उचललं, टीपॉय कोपऱ्यात सरकवलं, पलंगापासून खिडकीपर्यंत भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या आणि दांडीवरच्या अर्ध्या ओल्या चादरी काढून बाथरूममध्ये नेऊन टाकल्या. मालिनीताई बघत होत्या.

सात वाजता सर गॅलरीत बसले. हेडफोन गळ्यात अडकवला, कानाला लावला नाही. खोलीचं दार उघडं ठेवलं, पण पाठ खोलीकडे केली.

"खडू बोलतोय. धुकं आहे का? ओव्हर."

"आयला, खडू! आहात व्हय? आमी म्हटलं गेलं कुठं माणूस. काय म्हणताय? ओव्हर."

सर नेहमी थोडकं बोलून बटण सोडायचे. ऐकायलाच तर ते यायचे. आज त्यांनी बटण दाबलं आणि सोडलंच नाही. पण बोलायचं काय? आत पलंग करकरला.

"धुकं, तुम्ही एवढ्या कोंबड्या पाळता, कधी कोंबडी काढलीय का? चित्रात? कागद घ्या. मी सांगतो. आधी एक अंडं काढायचं, आडवं. घाई नाही. अंडं जरा तिरकं, पुढची बाजू वर..."

ते बोलत राहिले. मान कशी जोडायची, तुरा किती मोठा, डोळा कुठे. मधे नावापुरतं बटण सोडलं तेव्हा धुकं हसत म्हणाला, "आज लईच बोलायलाय की, सर." तो सर कसं म्हणाला कोण जाणे. आतून पाय घासल्याचा आवाज येत होता. मग काहीच येईना. न येणारा आवाज जास्त वाईट होता. उठावं, दारातून नुसतं डोकावावं, एवढंच. अंगठा दुखायला लागला होता. दिवसभराचा थकवा पाठीतून खाली उतरत होता आणि ते कोंबडीच्या पंखांबद्दल बोलत होते.

आत काहीतरी धाडकन पडलं.

सर अर्धे उठले. माइक हातात होता, अंगठा तसाच दाबलेला होता. गौतमीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"पेला पडला," आतून मालिनीताईंचा आवाज आला. दम लागलेला होता, पण खणखणीत होता, आणि पलंगाच्या बाजूने नव्हे, खिडकीच्या बाजूने आला. "मी उभी आहे. बोला तुम्ही."

सर खाली बसले. अंगठा आपोआप सुटला.

"खडू," पलीकडून धुकं विचारत होता. रिवाज मोडतोय हे त्यालाही कळत होतं, म्हणून हळूच. "ते बाईमाणूस कोण बोललं ओ? ओव्हर."

हिरवा दिवा परत लागायच्या आत बोलायला हवं होतं. सरांनी बटण दाबलं.

"माझी बायको," ते म्हणाले. "मालिनी नाव तिचं." मग त्यांनी डोळे पुसले आणि अंगठा न उचलता कोंबडीची शेपटी सांगायला घेतली.